रोजची प्रार्थना घरात कशी बसवायची: वेळ, जागा, वही आणि नेहमीच्या अडचणी

प्रार्थनेचं महत्त्व ख्रिस्ती माणसाला पटवून द्यावं लागत नाही. रविवारच्या संदेशात ते ऐकलेलं असतं, आजीने सांगितलेलं असतं, भिंतीवरच्या वचनाच्या कॅलेंडरवर छापलेलंही असतं. घोडं अडतं सोमवारी सकाळी. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पहिली पाळी, मुलांची स्कूल व्हॅन, नळाला पाणी यायची वेळ, आणि या गडबडीत प्रार्थना 'जमलं तर बघू' या खात्यात जमा होते. प्रार्थना सुटली की लोक लगेच स्वतःच्या विश्वासावर शंका घेतात. बहुतेक वेळा खरं कारण फार साधं असतं: दिवसात तिला ठरलेली जागाच नसते.

डोंगरावरच्या उपदेशात येशूने प्रार्थना करावी की नाही यावर वेळ घालवलेला नाही. तुम्ही ती करताच असं धरून तो थेट पद्धतीवर येतो (मत्तय ६:५-८): लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभे राहू नका, खोलीत जा, दार लावा, बडबड लांबवू नका, तुम्हाला काय हवं ते पित्याला आधीच ठाऊक आहे. जागा, दार, लांबी. पुढचं सगळं याच तीन गोष्टींचा विस्तार आहे.

वेळ कोणती धरायची

दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (दानीएल ६:१०). पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, स्तोत्र ५५:१७ मध्ये, संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळा येतात. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही (चर्चमध्ये) प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, दिवसातून तीनदा म्हणायची शिस्त होती आणि कॅथलिक घरांतला सकाळ-दुपार-संध्याकाळचा देवदूताचा निरोप (अँजेलस ही प्रार्थना) याच चालीचा. घरात बसवायला सोपी मांडणी अशी: एक मुख्य वेळ पंधरा मिनिटांची आणि दोन छोट्या वेळा एकेका मिनिटाच्या.

मुख्य वेळ घड्याळाला बांधू नका, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. 'सकाळी सहाला' हे दोन आठवडे टिकतं. 'पहिला चहा उकळून गाळायच्या आधी' हे वर्षभर टिकतं, कारण चहा कुणी चुकवत नाही. फिरती पाळी असलेल्यांना तर घड्याळ चालतच नाही. या आठवड्यात रात्रपाळी, पुढच्या आठवड्यात सकाळची. त्यांनी प्रार्थना झोपून उठण्याशी जोडायची, मग ते उठणं पहाटे असो की दुपारी तीनला.

द्राक्षबागायतदाराला 'पहाटे प्रार्थना करा' हा सल्ला निरुपयोगी आहे. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) ढग दाटून आले की पहाटे त्याचा हात फवारणीच्या पंपावर असतो आणि शेतीला वीज रात्री मिळते त्या आठवड्यात तो बाराला मोटार सुरू करायला जातो. त्याची खरी मोकळी वेळ दुपारी जेवणानंतरची. मळ्यातल्या झाडाखालची पंधरा मिनिटं पूर्णपणे ग्राह्य. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांना गाडीतली जागा मिळाल्यावरचा वेळ वापरता येतो: डोळे उघडे ठेवून, ओठ न हलवता, पत्त्यांचा डाव सुरू होण्याआधी. घरच्या बाईला सगळे बाहेर पडल्यानंतरची वीस मिनिटं मिळतात, पण अट एकच, भांडी त्यानंतर घासायची. भांड्यांना आधी हात लावला की प्रार्थना दुपारवर जाते आणि दुपार हाती लागत नाही.

येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात गेला (मार्क १:३५), म्हणून पहाटच खरी असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. ज्याला जमते त्याच्यासाठी पहाट उत्तमच. पण त्याच येशूने डोंगरावर रात्रभरही प्रार्थना केली आहे (लूक ६:१२). एकांत मिळेल ती वेळ पकडायची. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे थंडी हाडात शिरते तेव्हा पहाटेचा नेम हमखास मोडतो. दोन महिन्यांपुरता तो सरळ संध्याकाळवर हलवा. अंथरुणातून न निघता पांघरुणातच केलेली प्रार्थना तिसऱ्या वाक्याला झोपते.

दोन छोट्या वेळा म्हणजे दुपारच्या डब्यापूर्वी आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी. दुपारी एकच वाक्य: अन्नाबद्दल उपकार आणि उरलेल्या दिवसासाठी मदत. रात्री तीन प्रश्न: आज देवाचे उपकार कुठे दिसले, आज कुणाला दुखावलं, उद्या कशाची भीती वाटते. तिन्हींची उत्तरं देवालाच सांगायची आणि झोपायचं.

जागा

दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असतील तर 'खोलीत जाऊन दार लाव' हे कसं पाळायचं? दाराचं काम इतकंच की बघणारे कमी व्हावेत आणि लक्ष मोडू नये. गॅलरीतली खुर्ची, गच्चीचा जिना, स्वयंपाकघरातला पाट, भिंतीकडे तोंड करून बसण्याची कुठलीही जागा चालते. फक्त रोज तीच असावी. शरीराला जागेची सवय लागते. महिनाभरात त्या खुर्चीत बसलं की मन आपोआप वळू लागतं आणि सुरुवातीची पाच मिनिटं वाचतात.

तिथे तीनच वस्तू कायम ठेवा: छापील पवित्र शास्त्र, वही, पेन. चष्मा लागत असेल तर जुना एक तिथेच पडू द्या. चष्मा शोधायला उठलेला माणूस परतताना मोबाईल घेऊनच येतो. मोबाईलवर वचन वाचणं चूक नाही, पण त्याच काचेवर व्हॉट्सअ‍ॅपही आहे. मोबाईलवरच वाचायचं असेल तर आधी फ्लाइट मोड.

पंधरा मिनिटांचा आराखडा

पहिलं मिनिट गप्प बसा. श्वास खाली येऊ द्या आणि 'प्रभू, मी आलो आहे' किंवा 'आले आहे' एवढंच म्हणा. पुढची तीन मिनिटं एक स्तोत्र, त्यानंतर पाच मिनिटं शुभवर्तमानाचा (येशूचं जीवन सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान यांपैकी एका पुस्तकाचा) एक अध्याय, आणि उरलेली सहा प्रार्थनेची. आधी वाचन आणि मग बोलणं हा क्रम सहसा बदलू नका. आधी बोलायला लागलं की रोज तीच चार वाक्यं येतात: आशीर्वाद दे, आरोग्य दे, मुलांना सांभाळ, आमेन. वाचून झाल्यावर बोलायला नवा विषय हातात असतो.

कोणतं स्तोत्र, हा प्रश्न रोज सोडवत बसू नये. स्तोत्रं १५०, महिन्याचे दिवस ३०. आजची तारीख घ्या आणि तीत ३०-३० मिळवत जा. ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७ आणि १२७ अशी पाच स्तोत्रं तुमच्यासमोर येतात. पाचांच्या पहिल्या ओळी चाळा आणि मनाला भिडेल ते एक घ्या. २९ तारखेला ११९ वं येतं, १७६ वचनांचं. त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, एक भाग पुरे. २७ तारखेला ११७ वं येतं, ते अवघ्या दोन वचनांचं, म्हणजे ज्या दिवशी अजिबात वेळ नाही त्या दिवसासाठी तेही लक्षात ठेवा. ३१ तारीख आली तर महिन्यात आवडलेलं एखादं पुन्हा वाचा.

चार शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय होतात. रोज एक धरला तर तीन महिन्यांत सगळी वाचून होतात. सुरुवात मार्कपासून करा, ते १६ अध्यायांचं आणि वेगवान आहे. लूकचा पहिला अध्याय ८० वचनांचा आणि मत्तयचा २६ वा ७५ वचनांचा आहे, असे मोठे अध्याय दोन दिवसांत तोडा. अध्याय संपवण्याच्या घाईत प्रार्थनेची सहा मिनिटं खाऊन टाकणं ही मन लावून वाचणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

स्तोत्र वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते १३ व्या स्तोत्रावर बघू. वचनं सहाच. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा सवाल चार वेळा येतो. ती दोन वचनं आवाज करून वाचा आणि थांबा. आता तुमचा 'कोठवर' सांगा, आडपडदा न ठेवता: "प्रभू, जमिनीचा दावा कोर्टात पडून आहे, तारखांवर तारखा पडताहेत, कोठवर?" किंवा "मुलगी तीन महिने माझ्याशी बोललेली नाही, कोठवर?" तिसऱ्या वचनात स्तोत्रकर्ता डोळ्यांना प्रकाश मागतो. इथे आजच्या दिवसापुरतं एकच मागा: "आज वकिलासमोर डोकं शांत राहू दे." पाचव्या वचनात सूर पालटतो, तो म्हणतो की तुझ्या दयेवर मी भरवसा ठेवला आहे. तुम्हाला तसं वाटत नसेल तर वाटतंय असं भासवू नका. "मला आज असं वाटत नाही, पण मी हे वाचतो आहे" असं सांगून सहावं वचन पुरं करा. पाच मिनिटांत तक्रार, मागणी आणि भरवसा तिन्ही झालं, आणि शब्द शोधावे लागले नाहीत.

स्तोत्रांतली तक्रार वगळू नका. 'देवाशी असं बोलायचं नसतं' म्हणून पुष्कळ जण फक्त स्तुतीची स्तोत्रं निवडतात. ८८ वं स्तोत्र तर सुरुवातीपासून अंधारात आहे आणि अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे, ते यासाठीच की अशा दिवशी बोलायला काहीतरी असावं.

प्रभूची प्रार्थना चौकट म्हणून

प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात होते. तीच चौकट धरून सहा मिनिटं भरतात. प्रत्येक विनंतीनंतर थांबायचं आणि आपलं एक-दोन वाक्यांत बोलायचं.

'तुझे नाव पवित्र मानले जावो' इथे मागणी नको, काल मिळालेल्या एका गोष्टीबद्दल उपकार माना. गोष्ट नेमकी हवी. 'सगळ्याबद्दल धन्यवाद' यात काहीच सापडत नाही. 'कालच्या गारपिटीतून बाग वाचली' यात सापडतं. 'तुझे राज्य येवो' इथे घराबाहेर या: मंडळी, पाळक किंवा फादर, महापालिकेपासून दिल्लीपर्यंतचे अधिकारी (१ तीमथ्य २:१-२), सिव्हिल हॉस्पिटलमधल्या परिचारिका, रस्त्यावर झोपणारे. रोज एकच गट घ्या. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हा निर्णयांचा कप्पा आहे. घर विकायचं की नाही, स्थळाला होकार द्यायचा की नाही, तो प्रश्न इथे मांडा आणि एक मिनिट उत्तर न सुचवता बसा. अवघड जातं, कारण आपण बहुधा ठरवूनच आलेलो असतो.

'रोजची भाकर' इथे अगदी व्यवहारी व्हा. पगार, हप्ता, लासलगावचा कांद्याचा भाव, बहिणीची रक्ताची तपासणी. काही लोकांना पैशाचं बोलणं प्रार्थनेत हलकं वाटतं. येशूने भाकर मधोमध ठेवली आहे, तेव्हा लाजायचं कारण नाही.

क्षमेच्या विनंतीवर सर्वांत जास्त थांबा. ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशूने याच एका विनंतीचं स्पष्टीकरण केलं (मत्तय ६:१४-१५): तुम्ही क्षमा केली नाही तर तुम्हालाही मिळणार नाही. इथे एक नाव घ्या. भावकीतलं, शेजारचं, मंडळीच्या कमिटीतलं. 'सगळ्यांना क्षमा केली' असं म्हणणं फसवं असतं, कारण त्यात कुणीच येत नाही. मनातून क्षमा होत नसेल तर "मला करायची इच्छा दे" इथपर्यंत या आणि उद्या पुन्हा तिथूनच सुरू करा. आणि ज्याचं काही आपल्याविरुद्ध आहे असं आठवलं, त्याच्याकडे आधी जायचं (मत्तय ५:२३-२४). हे काम प्रार्थनेत होत नाही, फोन उचलूनच होतं.

'परीक्षेत आणू नको' इथे आजचं नक्की माहीत असलेलं संकट सांगा. संध्याकाळी मित्र बारमध्ये बोलावणार आहेत. तोलाईवरून व्यापाऱ्याशी वाद होणार आहे. सासूबाई येणार आहेत. सकाळी नाव घेतलेला मोह संध्याकाळी अचानक येत नाही, एवढा फायदा पहिल्या आठवड्यातच दिसतो.

लिहिलेल्या प्रार्थनांबद्दल दोन शब्द

मनाने केलेली प्रार्थना खरी आणि पुस्तकातली वाचलेली खोटी, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. दुःख, थकवा आणि आजार यांत स्वतःचे शब्द सर्वांत आधी जातात. त्या वेळी तयार शब्दच उभं करतात. १८७३ साली आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला, त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधीच्या छापील प्रार्थना वाचल्या जेकब वेनराइटने. गुलामगिरीतून सोडवलेला हा आफ्रिकी तरुण शिकला होता आपल्या नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेत. रानात, पाळक नसताना, ते पुस्तक आणि ते वाचता येणं एवढंच हाताशी होतं आणि ते पुरलं.

म्हणून घरात चार प्रार्थना पाठ असू द्या: प्रभूची प्रार्थना, २३ वं स्तोत्र, ५१ व्या स्तोत्रातला पश्चात्तापाचा एखादा भाग, आणि उपासनेच्या शेवटी म्हणायचा आशीर्वाद, 'कृपा' (२ करिंथ १३:१४). कॅथलिक घरांत यात 'नमो मरिये' ही मरियेची प्रार्थना. मुलांकडून दहा वर्षांच्या आत पाठ करून घ्या. नंतर पाठांतर चिकटत नाही.

वही

मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावं वाढत जातात. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणणाऱ्याला आपण 'हो' म्हणतो आणि गेटपर्यंत विसरतो. यावर शंभर पानी साधी वही हा एकच खात्रीचा उपाय आहे.

वहीचे सात भाग करा, वारांचे. प्रत्येक वाराला जास्तीत जास्त पाच नावं, म्हणजे आठवड्याला ३५. रोज सगळी ३५ घेतली तर ती हजेरी होते. घरची माणसं रोजच येतात, त्यांना वहीत वेगळं घालायची गरज नाही. पानावर चार रकाने आखा: तारीख, कुणासाठी, काय मागितलं, काय झालं. सोमवारच्या पानावरची एक ओळ अशी दिसेल: '३ जून / धाकटे दीर / गुरुवारच्या मुलाखतीत धीराने बोलता यावं / नोकरी नाही मिळाली, पण स्वतःहून दुसरीकडे अर्ज केला'. 'दिरांना आशीर्वाद दे' असं लिहिलं असतं तर चौथा रकाना कायम कोरा राहिला असता. मागणी इतकी नेमकी असावी की उत्तर आलं की नाही ते कळावं.

चौथ्या रकान्यात 'नाही' लिहायला कचरू नका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा तसाच राहिला. त्याला माझी कृपा तुला पुरे आहे, असं उत्तर मिळालं (२ करिंथ १२:७-९). फक्त यशाच्याच नोंदी ठेवणारी वही सहा महिन्यांत खोटी वाटू लागते आणि बंद पडते.

दुसऱ्याचं गुपित वहीत आद्याक्षरानेच लिहा आणि वही उघड्यावर ठेवू नका. 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून महिला मंडळाच्या ग्रुपवर कुणाच्या घरातली भांडणं टाकणं ही प्रार्थना नाही, चुगली आहे. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय नाव, आजार आणि रुग्णालय ग्रुपवर जाता कामा नये.

कौटुंबिक प्रार्थना

ही संध्याकाळी जेवणाआधी घ्या. जेवणानंतर लहान मुलं पेंगतात आणि मोठ्यांना मालिका दिसू लागते. जेवणाआधी घेतली की भुकेमुळे कुणी लांबण लावत नाही. हा फायदा कमी लेखू नका. एकूण बारा मिनिटं, त्याहून जास्त नको.

क्रम असा: एका गीताची दोन कडवी, दहा-पंधरा वचनांचं वाचन, मुलांना एक प्रश्न, प्रत्येकाचं एक वाक्य उपकाराचं आणि एक मागणीचं, प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून, शेवटी 'कृपा'. गाण्यासाठी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घरात असतंच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं अभंगाच्या वळणाची असल्याने पेटी नसली तरी टाळीवर गाता येतात, आजी-आजोबांना पाठही असतात. मुलांना नवी कोरस आवडत असतील तर एक दिवस त्यांचा. चालीवरून वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नये.

वाचन मुलांकडून करवून घ्या. अडखळलं तर मध्ये सुधारू नका. सहा वर्षांच्या मुलाचं वाक्य 'देवा, मांजरीला बरं कर' असं असेल तर सगळ्यांनी आमेन म्हणायचं, हसायचं नाही. एकदा हसलं की ते मूल पुढे दोन-तीन वर्षं तोंड उघडत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने 'मी मनात करतो' म्हटलं तर चालू द्या. त्याला वाचन द्या, म्हणजे तो त्या बैठकीत राहतो.

सर्वांत मोठी खोट मोठ्यांकडूनच येते: प्रार्थनेच्या आडून केलेला उपदेश. "प्रभू, या मुलाला मोबाईल सोडून अभ्यास करायची बुद्धी दे," हे वाक्य वर जात नाही, ते समोर बसलेल्या मुलाकडे जातं आणि त्याला ते बरोबर कळतं. जे सांगायचं ते जेवताना सरळ सांगा. प्रार्थनेत त्याच्याबद्दल उपकारच माना.

घरात सून किंवा जावई दुसऱ्या श्रद्धेतून आलेला असेल, पाहुणे असतील, तर बसायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा. 'आमची दहा मिनिटं प्रार्थना आहे, बसलात तर आनंदच आहे' एवढं पुरे. त्यांच्यादेखत लांबवणं किंवा त्यांच्या नावाने जोरात मागणं हा संकोचाचा प्रकार आहे. घरी प्रार्थनासभा ठेवली असेल तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला कायद्याने बंदी आहे. पंधरा माणसांच्या हॉलमध्ये माईक लागतच नाही, त्याआधीही.

कॅथलिक घरांतली संपूर्ण रोझरी (माळेवरची प्रार्थना), म्हणजे दहा-दहा 'नमो मरियें'ची पाच दशकं, वीस मिनिटं घेते. शाळकरी मुलं असतील तर रोज एकच दशक घ्या, सोमवार ते शुक्रवार पाच होतात. ऑक्टोबरमध्ये, रोझरीच्या महिन्यात, पूर्ण म्हणा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला लांबून माणसं येतात, नवस बोलतात, फेडतात. घरच्या बारा मिनिटांची भरपाई मात्र त्या एका दिवसाने होत नाही.

बिघडतं कुठे

तासाभराचा संकल्प. नव्या वर्षाच्या उपासनेत किंवा उपासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या) सुरुवातीला लोक 'रोज एक तास' ठरवतात. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकतो, तिसऱ्यात चार. दहा मिनिटांनी सुरू करा. एक महिना टिकलं तर पाच वाढवा.

थकबाकी. एक दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही. सुटलेला अध्याय सुटला, आजच्या तारखेचं स्तोत्र घ्या. थकबाकी फेडायला बसलेला माणूस आठ दिवसांत वहीच मिटतो.

मन भटकणं. गॅसची टाकी संपत आली, हे नेमकं प्रार्थनेतच आठवतं. वहीच्या मागच्या पानावर 'गॅस' लिहा आणि परत या. लिहिलं की मन ते सोडतं. तेच तेच पुन्हा येत असेल, समजा कर्जाचा विचार, तर तो अडथळा समजू नका, आजची प्रार्थना त्याच्याबद्दलच करा. भटकणाऱ्या मनाला आवाज लागतो. कुजबुजत का होईना, ओठांनी बोला.

झोप. येशूला अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यही झोपले होते, तेव्हा संकोच नको. उभे राहा, खोलीत फेऱ्या मारा. गुडघे दुखत असतील तर टेकायची सक्ती नाही.

'प्रभू'चा भरणा. दर तीन शब्दांनी 'प्रभू, हे प्रभू, धन्यवाद प्रभू' येऊ लागलं की ओळखा, बोलायला काही उरलेलं नाही. थांबा. गप्प बसणंही प्रार्थनाच आहे. शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्माच आपल्यासाठी मध्यस्थी करतो (रोमकर ८:२६).

कोरडेपणा. आठवडेच्या आठवडे काहीच वाटत नाही. पहिल्यांदा झोप आणि जेवण तपासा, मग कुणाशी बिघडलं आहे का ते. दोन्ही ठीक असेल तर आराखडा तसाच चालू ठेवा, फक्त बोलण्याचा वेळ कमी करून स्तोत्र वाढवा. महिना उलटूनही मन उदास, झोप उडालेली, जगण्यातच रस नाही अशी स्थिती असेल तर पाळकांशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा.

उपास

शुक्रवारी किंवा उपासकाळात एक वेळचं जेवण सोडायचं आणि तो अर्धा तास प्रार्थनेला द्यायचा. जेवण सोडून तो वेळ टीव्हीला दिला तर ते नुसतं उपाशी राहणं झालं. पाणी भरपूर प्या. वाचलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढून गरजूला द्या, यशया ५८ मध्ये उपासाची खूण भुकेल्याला दिलेली भाकर हीच आहे. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू हा आपला मराठी उपास, त्यात पोट रोजच्यापेक्षा जास्तच भरतं. कॅथलिक नियमात राखेचा बुधवार (उपासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपासाचे दिवस, १८ ते ५९ वयाच्या लोकांना, दिवसातून एक पूर्ण जेवण. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका आणि क्षयाचे रुग्ण यांनी जेवण सोडू नये. त्यांनी एक दिवस मोबाईल सोडावा, तो बहुतेकांना जेवणापेक्षा जड जातो.

आजारी माणसाजवळ

आधी विचारा: "प्रार्थना करू का?" रुग्ण 'नको' म्हणाला तर गप्प बसून राहा. 'हो' म्हणाला तर खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. डोक्यावर उभं राहून केलेली प्रार्थना त्याला वरून येणाऱ्या आवाजासारखी वाटते. हात धरायचा असेल तर सलाईन नसलेला. दोन मिनिटांच्या वर नको. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ नये, तिथेही कुणी आजारी आहे. आजाराचं कारण, पाप, शिक्षा यांतलं काही बोलू नका. त्याचं नाव घ्या, आजच्या रात्रीची झोप मागा, डॉक्टर आणि नर्ससाठी मागा, जवळ बसणाऱ्या घरच्या माणसासाठी मागा, कारण त्याच्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. शेवटी प्रभूची प्रार्थना. शुद्ध हरपत चाललेले म्हातारेही पुष्कळदा तीत ओठ हलवतात.

याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना हवी असेल तर ते पाळकांना किंवा फादरना रुग्ण शुद्धीवर असतानाच कळवा, शेवटच्या तासासाठी राखून ठेवू नका.

प्रार्थना झाली म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत. क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात, दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि 'प्रभूने बरं केलं' म्हणून औषध सोडलं की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पुढचा उपचार लांबतो आणि अवघड होतो. फिट्स, रक्तदाब, साखर, मानसिक आजार यांची औषधंही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमी करायची नाहीत. औषध सोडा असं सांगणारा किंवा प्रार्थनेसाठी आधी रक्कम ठरवणारा कुणी घरी आला तर त्याला चहा द्या, पैसे देऊ नका, आणि आपल्या पाळकांना कळवा.